एका दमात मावेल तेवढंच

(आमच्या केंद्रावरून प्रसारित झालेलं भाषण)

हातातलं काम चालू ठेवूनच ऐका, काही हरकत नाही. तांदूळ निवडायचे असतील तर निवडा, भाजी चिरायची असेल तर चिरा. आजचा विषय श्वासाचा आहे, आणि श्वास काही काम थांबवून घ्यावा लागत नाही.

मागच्या महिन्यात किनाऱ्यावरच्या एका गावातून आम्हाला फोन आला. तिथल्या बचत गटाच्या बायका पर्यटकांना घरगुती जेवण देतात. दोन-तीन घरांत राहायचीही सोय आहे. त्यांच्याकडं उतरलेली एक पाहुणी परदेशात शिडाच्या बोटीवर आठवडाभर राहून आली होती. रोज सकाळी बोटीवर प्राणायाम करायचा, मग पाठीवर हवेचं नळकांडं न घेता, नुसता दम धरून समुद्रात बुड्या मारायच्या, अशी ती सुट्टी. "मन इतकं शांत झालं की काय सांगू," असं ती म्हणाली. आणि जाता जाता विचारून गेली, "तुमच्या इथं असं काही सुरू का करत नाही?"

गटाच्या बायकांचे आम्हाला तीन प्रश्न होते. हे नक्की काय असतं? त्यानं खरंच बरं वाटतं का? आणि आपल्या पोरांनी पाहुण्यांना होडीतून अशा बुड्या मारायला न्यावं का? तिसरा प्रश्न जिवाशी गाठ असणारा आहे, म्हणून आम्ही आजचं सगळं भाषण या विषयाला दिलं आहे.

हे नक्की काय असतं?

दम धरून बुडी मारण्याच्या या प्रकाराला फ्रीडायव्हिंग म्हणतात. स्कुबामध्ये माणूस पाठीवर हवा घेऊन जातो, पाण्याखाली श्वास घेत राहतो. इथं तसं नाही. वर घेतलेला एक श्वास, तेवढीच शिदोरी. ती संपायच्या आत वर यायचं.

ग्रीसची बेटं, इजिप्तचा तांबडा समुद्र, स्पेनची बेटं अशा ठिकाणी लोक शिडाची बोट भाड्यानं घेतात. बोट वाऱ्यावर चालते, इंजिन फक्त बंदरात शिरता-निघताना. दिवसभरात एखाद्या शांत खाडीत नांगर टाकायचा, बोटीपासून थोडं लांब एक तरंगतं बोयं सोडायचं, त्याला वजन बांधलेला दोर खाली सोडायचा आणि त्या दोराच्या कडेकडेनं बुडी मारायची. शिकाऊ माणसाला पहिल्या शिक्षणात साधारण 20 मीटरच्या आतच ठेवतात. बरेच जण तर 8-10 मीटरवरच खूश असतात. 10 मीटर म्हणजे तीन मजली घराएवढं खोल, हे लक्षात घ्या.

शिडाची बोट चालवणं हे बायकांचं काम नव्हे, असं कुणी म्हणत असेल तर त्यांना गोव्याची गोष्ट सांगा. भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकारी 2017 च्या सप्टेंबरमध्ये गोव्याहून 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून 2018 च्या मे महिन्यात गोव्याला परत आल्या. 254 दिवस लागले. नौका गोव्यातच बांधलेली, आणि ती जेमतेम 55 फूट लांब. त्याच नौकेतून पुढं 2024-25 मध्ये दोघीच अधिकारी जगाला फेरी मारून आल्या.

पोटासाठी बुडी मारणाऱ्या बाया

आता सुट्टीवाल्यांना क्षणभर बाजूला ठेवू. कारण ही विद्या सुट्टीवाल्यांनी शोधलेली नाही. जगात काही ठिकाणी बायका पिढ्यान्‌पिढ्या दम धरून बुड्या मारत आल्या आहेत, त्याही पोटासाठी.

दक्षिण कोरियाचं जेजू नावाचं बेट आहे. तिथं या बायकांना हेन्यो म्हणतात, म्हणजे समुद्रातल्या बाया. समुद्राच्या तळाशी खडकाला चिकटलेले मोठे शिंपले, गोगलगायी, समुद्री शेवाळ त्या गोळा करतात. 10 मीटरपर्यंत खाली जायचं, साधारण मिनिटभर दम धरायचा, वर यायचं, आणि पुन्हा खाली. असं दिवसाला सहा-सात तास, वर्षातले 90 दिवस. त्यातल्या कितीतरी जणी साठी-सत्तरी ओलांडलेल्या आहेत, काही तर ऐंशीच्या पुढच्या. जपानमध्येही अशाच बायका आहेत, त्यांना आमा म्हणतात. 2016 साली युनेस्कोनं जेजूच्या हेन्योंची परंपरा जगाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली.

त्यांचं सामान ऐकलंत तर तुम्हाला आपल्या घरातलं वाटेल. तरंगायला जवळ बोयं असतं. पूर्वी ते बोयं म्हणजे वाळवलेला भोपळा असायचा! आपल्याकडं विहिरीत पोहायला शिकताना पाठीला बांधायचे ना, तसाच भोपळा. त्याला खाली जाळीची पिशवी, शिंपले टाकायला. आणि हातात शिंपले उचकटायचं लोखंडी हत्यार. आपल्या कोकणात कालवं आणि तिसऱ्या काढणाऱ्या बायकांना यातलं काहीच परकं वाटणार नाही.

पण आम्हाला सगळ्यांत आवडली ती त्यांची व्यवस्था. किनाऱ्यावर दगडांच्या भिंतीचा एक गोल आडोसा असायचा, मध्ये शेकोटी. त्याला बुलतोक म्हणतात. पाण्यात उतरायच्या आधी आणि वर आल्यावर सगळ्या जणी तिथं बसायच्या. कपडे बदलायच्या, अंग शेकायच्या आणि गावच्या समुद्राचे निर्णयही तिथंच घ्यायच्या. आज उतरायचं की नाही, कुठला भाग काही महिने बंद ठेवायचा, नवीन मुलीला कुणी शिकवायचं, सगळं तिथंच ठरायचं. अनुभवाप्रमाणे त्यांचे तीन दर्जे असतात. वरच्या दर्जाची बाई वाऱ्याचा आणि पाण्याचा अंदाज सांगते, बाकीच्या तिचं ऐकतात. काही गावांत किनाऱ्याजवळचा उथळ भाग म्हाताऱ्या बायकांसाठी राखून ठेवलेला असतो, म्हणजे त्यांना लांब, खोल जावं लागू नये. त्याला त्या आजीचा समुद्र म्हणतात. समुद्राचा एखादा भाग शाळेसाठी राखायचा आणि तिथं मिळालेल्या मालाचे पैसे गावच्या शाळेला द्यायचे, असंही त्यांनी केलं आहे. 1932 साली जपानी राजवटीत त्यांच्या मालाला भाव पाडून दिला जात होता, तेव्हा याच बायका हजारोंनी रस्त्यावर उतरल्या होत्या. बचत गट काय असतो, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको.

हे सगळं गोडच आहे असं नाही, बरं का. डोकेदुखी आणि कानांचे त्रास त्यांच्या पाचवीला पुजलेले. पाण्यात जीवही गेले आहेत. 1960 च्या दशकात त्या वीस हजारांहून जास्त होत्या. आता काही हजारच उरल्या आहेत, कारण बहुतेक लेकींनी दुसरं काम धरलं. आईनंच सांगितलं, तू नको यात पडू.

दम कोंडल्यावर शरीरात काय होतं?

हे समजावं म्हणून आम्ही तिघींनी एक प्रयोग केला. पाण्यात नाही, इथंच, केंद्रातल्या खुर्चीवर बसून. घड्याळ लावलं आणि दम धरला. एक जण 25 सेकंदांतच हात वर करून मोकळी झाली. दुसरी 32 ला, तिसरी 40 ला. मग दहा मिनिटं शांत बसलो, हळूहळू श्वास घेतला-सोडला, खांदे सैल सोडले आणि पुन्हा दम धरला. या वेळी पहिलीचे 45 झाले, तिसरी मिनिटाच्या वर गेली.

दहा मिनिटांत आमची छाती काही मोठी झाली नाही. मग बदललं काय?

दम धरला की आपल्याला घुसमटतं. आपल्याला वाटतं, प्राणवायू संपला. पण ती घुसमट प्राणवायू संपल्याची नसते. शरीरात तयार होणारा कार्बन डायऑक्साइड साठत जातो, आणि तो वाढला की मेंदू घंटा वाजवतो: श्वास घे! घंटा वाजते तेव्हा प्राणवायू अजून शिल्लक असतो. घाबरलं, अंग ताठ केलं की प्राणवायू जास्त खर्च होतो आणि घंटाही लवकर वाजते. शांत राहिलं की दोन्ही लांबतं.

पाण्यात आणखी एक गंमत होते. तोंडाला गार पाणी लागलं की हृदयाचे ठोके आपोआप मंदावतात. हातापायांचं रक्त आवरून छातीकडं आणि मेंदूकडं येतं. प्लीहा आकसते आणि तिच्यात साठलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. सील आणि देवमाशांमध्ये ही सोय असते, तीच थोड्या प्रमाणात आपल्यातही आहे. आग्नेय आशियात समुद्रावरच राहणारे बजाऊ लोक पिढ्यान्‌पिढ्या बुड्या मारतात. त्यांची प्लीहा शेजारच्या शेतकरी लोकांपेक्षा सुमारे 50 टक्के मोठी असल्याचं 2018 मध्ये संशोधकांना आढळलं.

इथं आपल्या घरचा एक मुद्दा. प्राणवायू रक्तातून वाहून नेतं ते हिमोग्लोबिन. आणि आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या रक्तात ते कमी आहे. जिना चढताना धाप लागत असेल, हंडा उचलला की डोळ्यांपुढं अंधारी येत असेल तर "आता वय झालं" म्हणून गप्प बसू नका. आशाताईंना सांगा, उपकेंद्रात रक्त तपासून घ्या. ज्या बाईचं हिमोग्लोबिन कमी आहे तिनं दम धरायच्या पैजा लावू नयेत, जमिनीवरही नाही आणि पाण्यात तर मुळीच नाही.

घंटा बंद पाडू नका

आता सगळ्यांत महत्त्वाचं. तांदूळ क्षणभर बाजूला ठेवा.

विहिरीवर, शेततळ्यावर पोरं पैज लावतात, कोण जास्त वेळ बुडून राहतो. आणि बुडी मारायच्या आधी भात्यासारखा जोरजोरात, भराभर श्वास घेतात. त्यांना वाटतं, छातीत जास्त हवा भरली. खरं तर प्राणवायू फारसा वाढत नाही. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे धोक्याची घंटाच बंद पडते. प्राणवायू संपत येतो तरी घुसमटत नाही, बरं वाटत असतं, आणि तेवढ्यात शुद्ध जाते. ना ओरडणं, ना हातपाय मारणं. काठावरच्यांना वाटतं, अजून दम धरूनच आहे.

खोल पाण्यात दुसरा धोका असतो. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो आणि छातीतली हवा दाबून निम्म्यावर येते. त्या दाबामुळं उरलासुरला प्राणवायू रक्तात जात राहतो, म्हणून खाली ठीक वाटतं. वर येताना दाब एकदम उतरतो आणि प्राणवायूही तुटपुंजा पडतो. म्हणून बहुतेकांची शुद्ध तळाशी जात नाही, वर येताना शेवटच्या काही मीटरमध्ये किंवा डोकं पाण्याबाहेर आल्यावर जाते. त्या वेळी शेजारी कुणी असेल तर काही सेकंदांत तोंड पाण्यावर धरता येतं आणि माणूस वाचतो. कुणी नसेल तर वाचत नाही.

"मला चांगलं पोहता येतं" हे उत्तर इथं चालत नाही. रशियाच्या नतालिया मोल्चानोवा या बाईंनी चाळिशीत ही विद्या शिकायला घेतली. 2009 मध्ये 100 मीटरच्या खाली जाऊन वर येणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. 2013 मध्ये त्यांनी स्थिर राहून 9 मिनिटं 2 सेकंद दम धरला. जगात त्यांच्या तोडीचं कुणी नव्हतं. 2015 च्या ऑगस्टमध्ये स्पेनच्या फोरमेंतेरा बेटाजवळ त्या बोटीवरून सहज म्हणून बुडी मारायला गेल्या आणि परत आल्याच नाहीत. त्या वेळी स्पर्धा नव्हती, विक्रमही करायचा नव्हता.

जेजूच्या बायकांकडं यासाठी एक शब्द आहे, मुलसुम. म्हणजे पाण्यात घेतलेला श्वास, जो शेवटचाच ठरतो. त्या नव्या मुलीला पहिल्यांदा हेच शिकवतात. दम संपत आलाय आणि समोर मोठा शिंपला दिसला, तर तो सोडून वर ये. तो उद्याही तिथं असेल. जाळ्यात आणखी एक पडावा म्हणून जी थांबते, ती मुलसुम घेते. आपल्या दमात मावेल तेवढंच घ्यायचं.

मग आपल्या गावानं काय करायचं?

फोन केलेल्या मैत्रिणींना आम्ही असं सांगितलं. जेवण द्या, खोली द्या, होडीतून खाडी दाखवा. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका स्वतः वल्ही मारून पाहुण्यांना कांदळवनाची सफर घडवतात. ते आपल्या आवाक्यातलं, अभिमानाचं काम आहे. पण दम धरून बुड्या मारायला नेणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. शिकलेला प्रशिक्षक, बचावाचं सामान आणि परवानगी असल्याशिवाय आपल्या पोरांनी ते अंगावर घेऊ नये. पाहुणा कितीही म्हणाला, "मला येतं," तरी.

कुणी पाहुणा प्रशिक्षकाबरोबर आलाच, तर होडीवाल्यानं या गोष्टी पाहाव्यात:

• एक खाली, एक वर. दोघांनी एकदम बुडी मारायची नाही. वरच्यानं खालच्यावरून नजर काढायची नाही, आणि तो वर आल्यावरही अर्धा मिनिट त्याच्याकडं बघत राहायचं.
• बुडीच्या आधी भराभर श्वास घ्यायचा नाही.
• जेवढा वेळ खाली, त्याच्या किमान दुप्पट वेळ वर विश्रांती.
• माणूस पाण्यात असताना इंजिन बंद. होडीवर एक जण कायम जागा आणि शुद्धीवर. दारू घेतलेल्याला पाण्यात उतरू द्यायचं नाही.
• सर्दी असेल, कान मोकळे होत नसतील तर त्या दिवशी बुडी नाही. बोट लागू नये म्हणून घेतलेल्या गोळीनं झोप येते, ती घेतली असेल तरी नाही.
• सकाळी स्कुबा केलं असेल तर त्याच दिवशी दम धरून बुडी मारायची नाही. तारकर्ली-मालवण भागातल्या मैत्रिणींनी हे विशेष लक्षात ठेवावं.
• गरोदर बाई, हृदयविकार, फिट्स किंवा वाढलेला रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नये.

आणि समुद्र असो की शेततळं, कुणी बुडताना दिसलं तर पोहता येत नसताना उडी मारू नका. दोर, साडी, बांबू, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते फेका. बाहेर काढल्यावर उलटं टांगू नका, पोट दाबू नका. श्वास चालू नसेल तर लगेच तोंडानं श्वास देणं आणि छाती दाबणं सुरू करायचं आणि दुसऱ्यानं 108 ला फोन करायचा. हे कसं करायचं ते आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात शिकवायची मागणी करा. एका बैठकीत शिकून होतं.

आणि बरं वाटायचं काय?

पाहुणीला बरं वाटलं, हे खोटं नाही. पण कशानं वाटलं, ते मोजून पाहू. आठवडाभर फोन हातात नव्हता. वेळेवर झोप होती. हळू श्वासोच्छ्वास होता, आणि श्वास सोडायला वेळ दिला की ठोके मंदावतात, जीव शांत होतो. सोबत माणसं होती, एकमेकांकडं लक्ष देणारी. आणि स्वयंपाक दुसरं कुणीतरी करत होतं! यातल्या बुडीला पैसा आणि शिक्षण लागतं. बाकीच्याला नाही.

म्हणून गटाच्या बैठकीआधी पाच मिनिटं हे करून पाहा. ताठ बसा. चार आकडे मोजत नाकानं श्वास घ्या, सहा आकडे मोजत सोडा. दम कोंडायची गरज नाही. चक्कर आली तर थांबा. यानं कर्ज फिटणार नाही की पाऊस पडणार नाही, पण हिशेबाला बसताना डोकं थंड राहील. मात्र मन फार दिवस उदास असेल, झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर तो श्वासाच्या व्यायामानं सुटणारा प्रश्न नाही. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी फोन नंबर रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

जाता जाता एक सांगतो. जेजूची बाई पाण्यातून वर आली की तोंडातून एक लांब शीळ निघते. कोंडलेला श्वास सोडतानाचा तो आवाज, त्याला सुम्बीसोरी म्हणतात. आसपासच्या सगळ्या जणी तो आवाज ऐकतात आणि समजतात, अमकी वर आली, सुखरूप आहे. एखादीची शीळ ऐकू आली नाही, तर बाकीच्या हातातलं काम सोडून तिच्याकडं पोहत जातात.

पुढच्या बैठकीत आपापसात विचारून बघा. आपल्या गटातली कोण बरेच दिवस गप्प आहे? दोन बैठका कोण आली नाही? तिच्या घरी चक्कर मारा. आणि उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आत घरातल्या पोरांना समोर बसवून विहिरीच्या पैजेचं सांगा. आजच सांगा.